आमची नंदा बोलणं बघते

ज्यांच्या घरात बोलत नसलेलं पोर आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचावं, कारण अशा पोराला घरच्यांइतकेच शेजारीपाजारीही लागतात. मी शाळेत गेलेली नाही. नंदाला शिकवता शिकवता तिच्याच पाटीवर अक्षरं गिरवली, तेवढीच माझी शाळा. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ते सांभाळून घ्या. सांगायचं मात्र एवढं साठलं आहे की कुठून सुरू करू असं झालंय.

तापापासून करते.

अठरा दिवस

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं त्या वर्षी नंदा दोन वर्षांची होती. बोलायला लागलेली होती, हे आधी सांगते, कारण पुढं सगळा घोळ त्यावरूनच झाला. आई म्हणायची, दूध म्हणायची, गंगावेशीत धार काढायला म्हशी उभ्या दिसल्या की 'म्हऽस' म्हणून ओरडायची. एका सकाळी अंग चुलीसारखं तापलं. दुसऱ्या दिवशी मान वळेना. माझे मालक तिला छातीशी धरून सरकारी दवाखान्यात पळत गेले. मी मागं, पायात चप्पल नाही.

मेंदूचा ताप आहे म्हणाले. पाठीत सुई घालायचे तेव्हा मला बाहेर काढायचे, आणि मी भिंतीला कान लावून उभी राहायची. सकाळी सहाला फरशी पुसायला बाई यायची, सातला सिस्टर, नऊला मोठे डॉक्टर. मोठ्या डॉक्टरांच्या तोंडाकडं बघून आम्ही दिवस कसा जाणार ते ओळखायचो. शेजारच्या खाटेवर कागलच्या एका बाईचा मुलगा होता. ती मला म्हणाली, "तू पड जरा. दोघांकडं मी बघतो." तिचं नावही मी विचारलं नाही. आज वाटतं, त्या अठरा दिवसांत मला वेड लागलं नाही ते तिच्यामुळं.

एकोणिसाव्या दिवशी नंदा घरी आली. हाडं राहिली होती नुसती, पण हसत होती. गल्लीनं पेढे वाटले. ती बोलत नव्हती हे आमच्या लक्षात यायलाच पंधरा दिवस गेले.

वेखंड

सासूबाईंनी निदान केलं. तापानं जीभ जड झाली. आमच्याकडं पोर उशिरा बोललं की वेखंड उगाळून मधातून जिभेला लावतात, सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळायच्या आणि नंदाला मांडीवर घेऊन चाटवायच्या. एक दिवस चुकवला नाही त्या माउलीनं. दोन वर्षं. घराला वेखंडाचा वास लागला होता.

कानाचं कुणाच्या मनातच आलं नाही. का, तर शेजारच्या तालमीत हलगी वाजली की नंदा नाचायची. दार आपटलं की वळून बघायची. मी परसात पाय आपटत आले की धावत यायची. एका शेजारणीनं कानाचा विषय काढला होता, तर मीच तिच्यावर उखडले. म्हटलं, हलगी ऐकते माझी पोर, बहिरी कशी असेल.

ती चार वर्षांची झाली तेव्हा कुणीतरी सांगितलं, मिरजेला एक डॉक्टर आहेत, जिभेखालची शीर कापतात, मग मुलं बोलतात. सकाळच्या गाडीनं गेलो. मी, नंदा आणि हे. माझ्या मनात जिभेचंच होतं.

डॉक्टरांनी जीभ बघितली. मग तिच्या मागं गेले आणि एक जाडजूड पुस्तक लाकडी जमिनीवर धाडकन टाकलं. नंदा गर्रकन वळली. मी विजयानं डॉक्टरांकडं बघितलं. त्यांनी मला बाकावर बसायला सांगितलं, नंदाला माझ्या मांडीवर दिलं, म्हणाले पाय वर घ्या, तुमचेही आणि तिचेही. मग तिच्या कानामागं पितळी घंटा वाजवली. माझे कान बधिर झाले. नंदा माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती.

परत वाजवली. ती खेळतच होती.

"बाई, हिची जीभ उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "कान गेलेत. हलगी ती पोटानं आणि पायानं ऐकते. तिच्याशी उजेडात बोला, तिच्यासमोर तोंड करून बोला, आणि बोलणं बंद करू नका."

परतीच्या गाडीत मी अर्ध्या वाटेपर्यंत रडले. हे खिडकीबाहेर बघत होते. मग मला एकदम आठवलं, त्यांनी शेवटी काय सांगितलं ते. बोलणं बंद करू नका. आता मला सांगा, कोल्हापुरात माझ्याइतकं बोलणारी दुसरी बाई कोण होती. माझा नवराच म्हणायचा, हिला झोपेत पण विषय संपत नाही. देवानं पोर दिली ती बरोबर माझ्याच पदरात दिली, असं मला त्या गाडीत वाटलं, आणि मी डोळे पुसले.

तेव्हा तुमचं पोर बोलत नसेल तर त्याची जीभ नंतर बघा. आधी त्याला मांडीवर घ्या, पाय जमिनीवरून उचला आणि मागून कुणाला तरी वाजवायला सांगा.

माझा घसा बसला

घरी आल्यावर मी सपाटाच लावला. चुलीपुढं, अंगणात, नंदाला समोर बसवायची आणि बोलायची. भाकरी थापते बघ. ही मिरची. हा चिमणा. सहा महिने झाले तरी ती नुसती बघायची. सासूबाई वेखंड लावतच होत्या. डॉक्टरचं त्यांना पटलेलं नव्हतं.

मग थंडीत माझा घसा बसला. साफ बसला, आवाजच फुटेना. मी सासूबाईंना म्हणते तवा द्या, त्यांना कळेना. त्या म्हणाल्या, काय, दिवा? मी ओठ हलवून हलवून थकले. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या हातात तवा दिला.

नंदा.

मी बिनआवाजाचंच म्हटलं, मीठ. तिनं मीठ आणलं. म्हटलं, आजीचा चष्मा. तिनं सासूबाईंच्या नाकावरचा चष्मा काढून मला दिला. सासूबाई ओरडायला लागल्या, मी हसायला लागले, आवाज नाही म्हणून नुसती हलत होते. त्या दिवशी घरात माझं बोलणं कळणारी एकटी तीच होती. दिवसभर मी तिला काहीबाही सांगत राहिले. इतकी खुशीत मी माझ्या लग्नातही नव्हते.

त्यानंतर आमचा गाडा पळाला. मी बोलायची, ती माझ्या गळ्यावर हात ठेवायची, मग स्वतःच्या गळ्यावर ठेवून तसं घुमवायची. आवाज जाडाभरडा यायचा, पण शब्द यायचा. गल्लीपलीकडच्या खिडकीत दोघी जावा कुणाची चुगली करतात ते तिला आमच्या पायरीवर बसून कळायचं. मला येऊन खुणेनं आणि अर्ध्या शब्दानं सांगायची. त्या जावांनी पुढं खिडकीला पडदा लावला.

आणि मला तर बोलायला विषयच मिळाला. हळदीकुंकवाला गेले की बायका नाव घ्या म्हणायच्या. मी नाव घ्यायची आणि लगेच सांगायची, जीभ नव्हे बायांनो, कान बघा. कळंब्यापर्यंत जाऊन आले सांगत. शाहूपुरीत एका दुकानदाराच्या घरी मला चहा न देता वाटेला लावलं, आमच्या पोराला नावं ठेवायला आलीस काय म्हणून. चार महिन्यांनी त्याच घरची आजी नातवाला घेऊन माझ्या दारात आली. वाजवून बघितलं म्हणाली. मग आम्ही दोघी चहा प्यालो.

शाळा

नंदा सात वर्षांची झाली. आमच्या पेठेतल्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे करारी बाई. मी गेले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, अशी मुलगी मी कधी घेतली नाही, पण घेणारच नाही असं नाही. आईला आपलं पोर हुशारच वाटतं. वडिलांना पाठवा. त्यांनी सांगू दे घरात तिला सांगितलेलं कळतं म्हणून. शनिवारी पट भरला की या वर्षीचं संपलं, आणि पुढच्या वर्षी ती पहिलीत बसायला थोराड होईल.

आमचे मालक उद्यमनगरात लेथवर काम करायचे. त्याआधी तालमीतले. सगळे त्यांना पैलवान म्हणायचे आणि मिशी अशी होती की चहा पिताना दोन बोटांनी वर धरायला लागायची. माणूस सरळ. खोटं बोलणं त्यांच्या अंगात नाही. सोमवारी शाळेत गेले आणि मोठ्या बाईंना सांगून आले की माझं तिला काही कळत नाही.

मी चुलीपुढनं फुंकणीसकट उठले.

"असं कसं सांगितलंत वो?"

"मग काय खोटं सांगू? पाच वर्सं झाली, माझा एक शब्द तिनं ऐकल्याला न्हाय. तुझं ऐकती, आईचं ऐकती. माझ्याकडं बघून नुसती मिशीला हात घालती. दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती."

आणि ते खरंच होतं. ती त्यांच्याजवळ गेली की मिशी धरायची. कोल्हापुरात पैलवानाच्या मिशीला हात घालणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. ते तिचा हात झटकायचे आणि उठून जायचे. वाईट वाटायचं त्यांना, मला दिसायचं. आपली लेक आपल्याला जुमानत नाही एवढंच त्यांना कळलं होतं. मग त्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलं होतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. आमचा दोघांचा अबोला. मी अबोला धरते म्हणजे विचार करा.

गुरुवारी सकाळी हे अंगणात उन्हात चहा पीत बसले होते. कामावर जायची घाई. नंदा आली, समोर उकिडवी बसली आणि दोन बोटांनी त्यांची मिशी अलगद वर उचलली. वर, आणि बाजूला. जसा आपण दाराचा पडदा बाजूला करतो तसा. आणि ती त्यांच्या डोळ्यांकडं बघत नव्हती. मी बोलताना माझ्या तोंडावर जिथं बघते, तिथं बघत होती.

माझ्या हातातली कळशी पडली.

"अवो, हात झटकू नका. मिशी वढत न्हाय ती. तोंड उघडतीया तुमचं. तुमचे ओठच दिसत न्हाईत तिला."

मी म्हटलं, धरा मिशी वर, दोन्ही हातांनी, आणि सांगा तिला कायतरी. त्यांना लाज वाटत होती. तरी धरली, आणि हळू म्हणाले, "तांब्या आण."

नंदा उठली आणि तांब्या घेऊन आली.

"टोपी आण." टोपी आली.

"दात दाव." तिनं दात दाखवले, दोन पडलेले होते.

पैलवान तसेच बसले, दोन्ही हातांनी मिशी वर धरून, आणि डोळ्यांतून पाणी गालावर. हात मोकळे नव्हते, पुसणार कसं. नंदानंच पुसलं.

सासूबाई

आता शाळेत काय मिशी धरून उभे राहणार? आणि घरात तरी किती दिवस? मी म्हटलं, कापा थोडी. ते म्हणाले, अर्धी मिशी ठेवण्यापरीस सगळी काढीन. आणि म्हणून थांबले. कारण आमच्यात मिशी कधी काढतात, तर आईबाप गेल्यावर. मामंजी गेले तेव्हा त्यांनी काढली होती. आता परत काढायची म्हणजे सासूबाई ओसरीवर जिवंत बसलेल्या असताना काढायची. त्यांच्या मरणाची वाट बघितल्यासारखं.

सासूबाई अजूनही रोजच्यासारखी वेखंडाची सहाण पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सगळं बघितलं होतं त्यांनी, तांब्या, टोपी, दात. हे आत जायला वळले तेव्हा म्हणाल्या, "ए, हिकडं ये."

हे गेले.

"मी मेल्यावर काढणारच हायस न्हवं?"

"आई, काय तरी बोलू नगंस."

"मग मी बघाय असताना काढ. मेल्यावर त्या पोरीचं बोलणं मला कोण सांगायला येणार हाय?"

असं म्हणून त्यांनी सहाणेवरचं वेखंड पाण्यानं धुऊन टाकलं. मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, पाया कशाला पडतीस, मी अजून गेली न्हाय.

तालमीसमोर शंकर न्हाव्याचं दुकान होतं. ह्यांनी मिशी काढ म्हटल्यावर त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि विचारलं, म्हातारी कधी गेली? हे म्हणाले, गेली न्हाय. त्याचा विश्वास बसेना. दुकान टाकून तो आमच्या दारापर्यंत आला, सासूबाईंना लसूण सोलताना डोळ्यांनी बघितलं, मग परत जाऊन मिशी काढली.

संध्याकाळी तर गंमतच झाली. उद्यमनगरातले चार जण, दोन तालमीतले, तोंडं पाडून आले, पैलवानाची मिशी गेली म्हणजे आई गेली म्हणून. दारात सासूबाईच. म्हणाल्या, "या पावणं, बसा. मेल्याली मीच." त्यातल्या एकाला तर खाली बसायला लागलं. नंतर चहा झाला, हसणं झालं, आणि आलेल्या प्रत्येकाला मी नंदाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मयताला आलेली माणसं कान बघायचं शिकून गेली.

मामा

एवढं करून नंदा बापाला ओळखेना. दाराआडून बघत राहिली. मग आली, त्या गुळगुळीत ओठावरून बोट फिरवलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि सावकाश म्हटलं, "बाबा."

तिनं त्यांच्या गळ्यावर हात ठेवला. मग स्वतःच्या. आणि मोठ्यानं म्हणाली, "मामा."

माझी हसून पुरेवाट. तुम्ही आरशासमोर उभं राहून बघा, बाबा म्हणा आणि मामा म्हणा. ओठ अगदी सारखेच हलतात. जी बोलणं बघते तिला फरक कुठून दिसणार. मी त्यांना समजावलं, शिकवू हळूहळू. ते म्हणाले, असू दे, हाक तर मारली.

शनिवारी तिघं शाळेत गेलो. मोठ्या बाई घाईत होत्या, पट पुढ्यात होता. त्यांनी वर बघितलं आणि नंदाला विचारलं, "हे कोण आलेत गं तुझ्याबरोबर?"

"मामा," नंदा म्हणाली.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "हे बघा, मामाचं चालणार नाही. सोमवारी वडील येऊन गेले, त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. त्यांनाच घेऊन या."

"बाई, त्यो मीच," हे म्हणाले. "मिशी काढली."

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी मला हातानं थांबवलं. म्हणाले, "सोमवारी चुकीचं सांगितलं मी. खोटं न्हाय, चुकीचं. पोरगीला कळत नव्हतं असं न्हाय, मीच तोंड झाकून बोलत होतो."

मोठ्या बाई म्हणाल्या, दाखवा. त्यांनी ह्यांना व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभं केलं, आणि आवाज काढायचा नाही म्हणाल्या. मला नंदाच्या मागं उभं केलं, खुणा करू नयेत म्हणून. ह्यांचे ओठ हलले. मला काही कळलं नाही. नंदा सरळ बाईंच्या टेबलाशी गेली, खडू उचलला आणि व्हरांड्यातनं पळत जाऊन बापाच्या हातात दिला.

"काय सांगितलंत?" बाईंनी तिकडं ओरडून विचारलं.

"खडू आण म्हटलं."

बाईंनी पट ओढला. नाव विचारलं नाही, त्यांना माहीत होतं. लिहिताना मला म्हणाल्या, "हिला पहिल्या रांगेत बसवते, आणि मी फळ्याकडं तोंड करून बोलणार नाही. इतरांनाही सांगते." मी त्यांना सांगायची सगळी तयारी करून गेले होते, ते त्यांनीच सांगून टाकलं. मला पहिल्यांदाच बोलायला काही उरलं नाही.

नंदा वर्गात जाऊन बसली. पुढच्या रांगेत, हात मांडीवर. ह्यांना कामावर उशीर झाला होता, भोंगा कधीच होऊन गेला होता. तरी ते खिडकीशी गेले, आणि गजांतून तिला बिनआवाजाचं विचारलं, भाकरी खाशील न्हवं?

"व्हय," नंदा भर वर्गात मोठ्यानं म्हणाली. सगळ्या मुली वळून बघायला लागल्या.

ते खिडकीतून हलेनात. त्यांनी परत तेच विचारलं. तिनं परत तेच सांगितलं.